सिग्नलला अडवणारी एकच गोष्ट

इंद्रभान टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले, पण तारांची खोड सुटली नाही. वरवट बकाल गावात त्यांनी आठ घरांत वायफायचे आठ डबे बसवून स्वस्तातलं इंटरनेट आणलं. कापसाचे व्यापारी कय्यूमशेठ यांच्या गच्चीवरून नेट निघायचं आणि विहिरीवरच्या बादल्यांसारखं हातोहात पुढच्या घरी जायचं. छतावर माकडं डबा टिकू देईनात, म्हणून इंद्रभानांचा स्वतःचा डबा बैठकीच्या खिडकीत होता.

"वादळ आलं तरी हे बंद पडत नाई," ते सांगायचे.

वादळ आलंच नाही. नेट बंद पडलं.

नेमका बोंडअळीच्या मदतीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. पुढच्या घरच्या अन्नपूर्णाबाई सातबारा घेऊन दारात उभ्या. "पाच वाजता बंद होते म्हणे, भाऊजी. कापूस अळीनं खाल्ला, अर्ज तुमचा डब्बा खाऊन राह्यला."

इंद्रभानांना राग आला नाही, कुतूहल आलं. मोबाइल पुढे धरून ते शेठच्या गच्चीपासून माग काढत निघाले. सोबत शेठही होते. इंद्रभानांचा कापूस मोजायला त्यांना यायचंच होतं. गच्चीवर सिग्नल भरपूर. रस्त्यावर भरपूर. ओट्यावर भरपूर. बैठकीत कापसाच्या ढिगाला वळसा घालून खिडकीशी गेले, तर शून्य. भाव वाढेल म्हणून थांबवलेला कापूस पार आढ्याला टेकला होता.

"कापसानं अडवलं काय?" शेठ म्हणाले.

"छ्या. कोरडा कापूस म्हणजे निस्ती हवा. महिनाभर यातूनच चालू होतं. मंग आजच काऊन बंद पडलं?"

"चहा ठेवला, बाहीर बसा," इंद्रभानांच्या पत्नी सुभद्राबाई घाईनं म्हणाल्या.

"थांब वं. शेठ, सिग्नलले एकच गोष्ट अडवते. पाणी. या ढिगात पाणी असलंच पाह्यजे."

सुभद्राबाईंनी डोळे वटारले. इंद्रभानांना ते कौतुक वाटलं.

शेठनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि शांतपणे रुमालाला पुसला. "इंदरभाऊ, तुमचं शास्त्र सौ टक्के बरोबर आहे."

"दोनच घागरी पाणी मारलं वजनासाठी," सुभद्राबाई पुटपुटल्या. "सारं गाव मारते. बोंब आपल्याच घरात."

चार वाजता सगळा कापूस गावादेखत अंगणात पसरला. पावणेपाचला अन्नपूर्णाबाईंचा अर्ज गेला. शेठनी भाव तिथंच पाडला.

दुसऱ्या दिवसापासून शेठ कोणाच्याही घरी काटा लावण्याआधी मोबाइल काढू लागले आणि ढिगामागं जाऊन उभे राहू लागले. आठवडाभरात सहा डबे परत आले. "लाइटबिल लय येते," लोक म्हणाले.

सातवा सुभद्राबाईंनी पदरानं पुसून नवऱ्याच्या हातात ठेवला.

"हाबी ठेवा पेटीत. पुढच्या साली कापूसच पेरायचा आहे ना?"