आकार नसलेल्या प्रथिनाचं नाव

"पाच मिनिटांत निघते हो ताई, एकच शब्द ठरवायचाय!" पाळणाघराच्या ताईंना मी फोनवर तोऱ्यात सांगितलं.

"आजही उशीर झाला, तर उद्यापासून लेकीची जागा दुसऱ्या बाळाला!" ताईंनी बजावलं.

मी पाठ्यपुस्तकांची संपादक. शब्द हवा होता काही प्रथिनांसाठी. बाकीची प्रथिनं कशी ठरलेली घडी घालून बसतात. यांना मात्र पक्का आकारच नाही. सुटलेल्या नाडीसारखी नुसती वळवळतात!

"अव्यवस्थित प्रथिने!" आमच्या शब्द-समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"अव्यवस्थित? कामं तर चोख करतात!" भाषातज्ज्ञ बाई कडाडल्या. "उलगडलेली म्हणा."

"उलगडायला आधी घडी होती कुठे?"

"मग निराकार!"

"तो देव झाला, बाई! प्रथिन नव्हे!"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जणू माझ्या मानेवरून फिरत होता. "सर, मी निघू का? मुलगी..."

"शब्द ठरल्याशिवाय कुणी हलायचं नाही!"

माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या. इतक्यात दार धाडकन उघडलं. पाळणाघराच्या ताई! कडेवर माझी लेक!

"घ्या तुमची मुलगी! उद्या आणू नका!"

मी हात पुढे केले, तर लेकीने नेहमीचं अस्त्र काढलं. अंग सैल सोडलं, ओल्या टॉवेलसारखी हातांतून घसरली आणि थेट टेबलाखाली!

"काय अव्यवस्थित मूल आहे!" अध्यक्ष पुटपुटले.

माझा संयम संपला! "खबरदार! अव्यवस्थित नाहीये ती! लागेल तेव्हा, लागेल तो आकार घेते!"

अध्यक्ष आणि बाई, दोघंही उडालीच. अध्यक्ष ओरडले, "वा! ही प्रथिनंही दुसऱ्याला चिकटली की आकार घेतात! लिहा, प्रसंगानुरूपाकारी प्रथिने!"

"छे! मुलांची जीभ वळेल का? प्रसंगाकारी!"

पुन्हा जुंपली! आणि मध्येच अध्यक्ष किंचाळले. टेबलाखाली लेकीने त्यांच्या पायाला विळखा घातला होता. हातापायांची अशी घट्ट घडी, की मी तिला ओढलं तर अध्यक्षच खुर्चीतून घसरले!

"अहो, सोडवा हिला!"

"शब्द ठरल्याशिवाय कुणी हलायचं नाही!" मी दातओठ खात म्हणाले.

शेवटी ताईंनीच एका गुदगुलीत लेकीला मोकळं केलं. दोघं मात्र भांडतच होती.

"रोज असंच चालतं?" ताईंनी हळूच विचारलं.

"रोज."

ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे हिची जागा. पण या दोघांना आमच्याकडे पाठवू नका हं. भांडणारी पोरं आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत!"