तात्या आणि मंजूचा सल्ला

आपला बैल विकायचा की ठेवायचा, हे तात्यांनी माझ्या पावणेदोन वर्षांच्या मुलीला विचारून ठरवलं.

यात अतिशयोक्ती नाही. मी त्या वेळी तिथेच होते. शेवगावच्या बाजारातला एक दलाल ओट्यावर बसला होता, चहा झाला होता, सौदा जवळजवळ ठरला होता. एवढ्यात तात्या उठले. "थांबा, मालकिनीला इचारतो."

मालकीण, म्हणजे आमची मंजू, दारात बसून गूळ चघळत होती. तात्या तिच्यासमोर उकिडवे बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "मंजाबाई, ढवळ्याला द्यायचा का?"

"नको," मंजू म्हणाली.

तात्यांनी दलालाला हात जोडले. "न्हाई जमत, पाव्हनं."

दलाल चिडला. "अवो तात्या, पोरीच्या तोंडात गूळ हाय. तिला वाटलं तुमी गूळ मागताय!"

मीही पुढे होऊन सांगितलं, की सध्या ती सगळ्यालाच नको म्हणते. आंघोळ नको, झोप नको, फ्रॉक नको. तात्यांवर काही परिणाम झाला नाही. "शहानं मानूस आदी नकोच म्हनतं, बाई," ते म्हणाले. ढवळ्या राहिला.

एकाहत्तर सालची गोष्ट. शेवगावपासून चार कोसांवरच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमचे हे नगरला नोकरीला. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने यायचे, सोमवारी पहाटे परत. मी आणि मंजू तात्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मी शाळेत गेले की मंजूला तात्यांची सून सांभाळायची, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात सून बिचारी धुणं-भाकरीत बुडालेली असायची आणि मंजू दिवसभर गोठ्यात, तात्यांच्या मागे.

तात्या साठीचे. उंच, वाळके, डोक्याला एकच पटका, तोही सदा एका कानावर आलेला. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा बापाशी बोलायचा तो पाण्याच्या पाळीपुरता, आणि सून रिवाजाप्रमाणे पदर ओढून, दाराआडून. घरात सगळे त्यांना मान देत, पण बोलत कुणीच नसे.

मंजू मात्र बोलायची. एके दिवशी मी शाळेतून आले तर ती कंबरेवर हात ठेवून तात्यांना सांगत होती, "तात्या, वैरन संपली. आता निजा."

मी दारातच थबकले. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला बालमानसशास्त्र होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मूल दोन शब्द जोडतं, असं मी स्वतः पेपरात लिहून आले होते. आणि इथे माझी मुलगी, दुसरं वर्ष पुरं व्हायला अजून तीन महिने असताना, पाच शब्द बोलून वर हुकूम सोडत होती! त्या दिवसापासून मला वेडच लागलं. जुनं पुस्तक ट्रंकेतून काढलं. मंजूसमोर काड्यापेट्या मांडून "लहान कुठली, मोठी कुठली" सुरू केलं. शेजारपाजारची मुलं दिसली की त्यांची वयं विचारायची आणि मनातल्या मनात त्यांना मागे टाकायचं. मूल खरंच वयाच्या पुढे आहे, की मला आईच्या डोळ्यांनी तसं दिसतंय, हे काही केल्या कळेना.

तात्यांना अशी शंकाच नव्हती. "ह्ये पानी येगळं हाय, बाई," ते म्हणत. दिवसातून निदान दहा वेळा. सर्वांची खात्री पटावी म्हणून एकदा तिला खांद्यावर घेऊन ते थेट पारावर गेले. तिथे गावचे सरपंच बसले होते. त्यांच्या मिशा पंचक्रोशीत प्रसिद्ध. तात्यांनी त्या मिशांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये काय हाय, सांग बरं?"

मंजूने नीट पाहिलं आणि म्हणाली, "शेपूट."

पार हसून लोळला. सरपंच सोडून. तात्या मात्र शांत. "चुकली कुठं? केस हायेत. हालतंय बी."

मग एका शनिवारी हे आले, तर दारातच मंजूने त्यांना अडवलं. "लई उशीर केला. कुठं गेल्ता?"

हे आधी हसले. मग मंजू "न्हाई", "हाय", "व्हय" करत आठवड्याच्या बातम्या सांगू लागली, तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "ही काय भाषा शिकतेय? उद्या नगरच्या शाळेत घालायची आहे हिला!"

मी लगेच माझं मानसशास्त्र काढलं. भाषेचं जाऊ द्या, पण किती बोलते बघा! शेवटी ठरलं, की नगरच्या एका मुलांच्या डॉक्टरांना दाखवून सोक्षमोक्ष लावायचा.

डॉक्टर वयस्कर होते, हसरे. त्यांनी मंजूला मांडीवर घेतलं, किल्ल्यांचा जुडगा दिला आणि मग भिंतीवरचं चित्र दाखवलं. "हे काय आहे, बाळ?"

"गाय."

"वा! कशी आहे गाय?"

मंजूने मान वाकडी करून गाईचं पोट न्याहाळलं. "गाभन हाय."

डॉक्टरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "पुढे आहे, थोडी. पण त्याचं फार करू नका. बाकीची मुलं गाठतील तिला. फक्त मला एक सांगा, हिच्याशी एवढं बोलतं कोण?"

मी "मी" म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी शाळेतून यायची ती घसा बसलेली. माझं तिच्याशी बोलणं म्हणजे "हात धू", "गप्प बस" आणि काड्यापेट्या. हिच्याशी कोण बोलतं, ते मला ठाऊक होतं. पण ह्यांच्यासमोर मी ते नाव घेतलं नाही.

ह्यांनी मात्र ते ओळखलं, आणि उलटाच निष्कर्ष काढला. "मूल हुशार आहे, म्हणूनच जे कानावर पडतं ते उचलतंय. आता तिला तिकडे ठेवू नकोस."

सोमवारपासून मी मंजूला शाळेत नेऊ लागले. पहिलीच्या वर्गात कोपऱ्यात बसवायची. तात्यांना सांगितलं, "शाळेची सवय लागावी म्हणून." त्यांनी फक्त मान हलवली. एरवी शंभर प्रश्न विचारणारा माणूस, पण एक शब्द विचारला नाही. मंजू वर्गात गप्प बसून राहायची. घरी आली तरी गप्प.

नवव्या की दहाव्या दिवशी शाळा लवकर सुटली. मंजूला ओट्यावर सोडून मी पाण्याला परसात गेले, तर गोठ्यातून तात्यांचा आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर चाचपडत.

"पानी... पाणी. पाणी आ-हे. वैरण ना-ही."

वाकून पाहिलं. तात्या ढवळ्यासमोर बसले होते आणि पुस्तकातली भाषा घोकत होते. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे उठले. पटका सरळ केला, तो पुन्हा कानावर आला.

"बाई," ते म्हणाले, "माज्या बोलन्यानं पोरीचं वाकडं झालं का? मी शिकतोय थोडं."

माझ्या हातातली घागर खाली टेकली. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, त्यांनी विचारलेला प्रश्नही. "तिला बोलायला तुम्ही शिकवलंत, तात्या. मी नाही."

तात्या ढवळ्याची पाठ खाजवू लागले. मग हळूच म्हणाले, "आमची यमुना येवढी हुती तवा मी तिला कंदी उचललं न्हाई. वडील बसल्याले असायचे. बापाफुडं आपलं पोर उचलायची, त्याच्याशी बोलायची लाज वाटायची. तसाच रिवाज हुता. मी शेतातनं यायचो, भाकर खायाचो, झोपायचो. ती चालाय लागली कवा, बोलाय लागली कवा, काय ठाव न्हाई." ते पुढे म्हणाले, "मंजाबाई पयल्यांदा 'तात्या' म्हनली, तवा मला यमुनाच आठवली. ती पयला शबुद काय बोल्ली आसंल? इचारायचं तर तिची आय गेली."

यमुना त्यांची थोरली. खर्ड्याला दिलेली. वर्षातून एकदा यायची. बापासमोर खाली मान घालून "व्हय" आणि "न्हाई" एवढंच.

"तिलाच विचारू या," मी म्हणाले. "आई मुलीला सांगते असल्या गोष्टी."

पोस्टकार्ड घेऊन मी बसले. तात्या दोनदा उठले, दोनदा बसले. मग सांगितलं, "लिवा. तू ल्हानपनी पयल्यांदा काय बोल्लीस, त्ये तुज्या आयनं कंदी सांगितलं का?" आणि घाईने पुढे, "खाली लिवा, पाऊसपानी बरं हाय. न्हाईतर पोर घाबरंल, बाप आजारी पडला म्हनून."

दुसऱ्या दिवशी मी मंजूला शाळेत नेलं नाही. ह्यांना शनिवारी स्पष्ट सांगितलं, की नगरची भाषा ती नगरला शिकेल, तिथे शिकवणारे पुष्कळ आहेत. हे थोडे फुगले. मग मंजूने त्यांना गोठ्यात ओढत नेलं आणि पाऊण तासाने दोघं हसत बाहेर आले.

खर्ड्याहून उत्तर आलं ते पंधरा दिवसांनी. यमुनाच्या मोठ्या मुलीने वहीच्या कागदावर लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी. मी ओट्यावर वाचून दाखवलं. मंजू तात्यांच्या मांडीवर होती. म्हैस व्याली, जावयाचा गुडघा दुखतो, धाकटीला दात आले, असं सगळं झाल्यावर शेवटी लिहिलं होतं:

"आई म्हणते, आजी सांगायची. तुम्ही शेतातून येताना बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला, की आजी म्हणायची, 'आले.' ते ऐकून आई पण रोज दाराकडे बघून म्हणायला लागली, 'आले.' तिचा पहिला शब्द तोच. आई म्हणते, तुम्ही घरात पाऊल टाकायच्या आत ती आत पळायची, म्हणून तुम्हाला माहीत नसेल."

तात्यांनी हात पुढे केला. कागद घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं.

"कुठं लिवलंय त्ये?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"दोनच अक्षरं?"

"दोनच."

त्यांनी माझं बोट बाजूला सारून तिथे आपलं बोट ठेवलं. मंजू कागद ओढत होती, पण तात्या तो सोडत नव्हते.