तव्य, अनीय आणि साळवे सर

साळवे सरांच्या घरी पाणी मागितलं की आधी व्याकरण मिळायचं.

"पाणी हा शब्द कुठून आला? पानीय! म्हंजे प्यायचं ते. माठात 'अनीय' प्रत्यय भरून ठेवलाय, अन् तुम्हाला पत्ता न्हाई!" एवढं ऐकलं की मग तांब्या.

चौऱ्याहत्तरच्या सुमारास मंठ्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो, ते संस्कृत. तव्य, अनीय आणि य या तीन प्रत्ययांवर त्यांचा भारी जीव. धातूला यातला एक लावला की 'करायला हवं', 'करण्याजोगं' असा अर्थ निघतो. "झालेल्याचं काय घेऊन बसलात? करायचं काय ते बोला," म्हणायचे. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की लिंगाप्रमाणे शब्द चालवून दाखवायचे. "लाडू? खादनीयः. भाकरी? खादनीया. पिठलं? खादनीयम्!" तोवर पिठलं गार.

लग्नाचं विचारलं की एकच उत्तर, "करणीयम्." आई होती तोवर तिची सेवा केली. ती गेली तेव्हा सरांची चाळिशी उलटली होती. तरी उत्तर तेच, आवाज तसाच ठणठणीत.

मग सरकारी दवाखान्यात नव्या नर्सबाई आल्या. गायकवाड सिस्टर. विधवा, पस्तिशीच्या, बोलायला रोखठोक. सरांना एकाएकी खोकला, डोकं, कंबर, सगळंच सुरू झालं. सिस्टर गोळ्या पुढं करत आणि सर 'सेवनीय' तिन्ही लिंगांत चालवून दाखवत.

"आधी गोळी गिळा, सर," सिस्टर म्हणत.

एका रविवारी सर मला घ्यायला आले. "चला. आज सिस्टरला विचारून टाकतो. वाक्य बिलकुल तयार हाय."

सिस्टर घरासमोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "जयभीम, सर. आज काय दुखून राह्यलं?"

सरांनी घसा साफ केला. "आपण मला... वरणीयः..." थांबले. "न्हाई, वरणीयम्..." पोरांच्या वह्या लाल करणारा माणूस 'वरणीया', म्हणजे वरण्याजोगी, या साध्या स्त्रीलिंगावर अडला होता. कपाळ घामानं डबडबलं.

"आपल्या बोलीत बोला की," सिस्टर म्हणाल्या.

सरांनी मान खाली घातली. मग हळू म्हणाले, "आई गेल्यापासून एकट्याला जेवण जात न्हाई हो. ताट वाढून घेतो, अन् तसंच झाकून ठेवतो."

सिस्टर उठल्या. आत जाऊन आणखी तांदूळ आणले आणि सुपात ओतले.

"जेवूनच जा," त्या म्हणाल्या.

घरी वाट बघत असतील, असं सांगून मी उठलो. मला कुणी थांबा म्हटलं नाही.