क्रमांक एकशेएक्केचाळीसचे नातेवाईक

निरोगी हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेची कडा प्रत्येक ठोक्याला वीस-बावीस मिलिमीटर खाली सरकते आणि परत वर येते. अंगठ्याच्या नखाहून थोडं जास्त. सतराच्या खाली आली की काळजी. हे अंतर मी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक मोजते आणि माझ्या हातून चूक होत नाही. असं मी गेल्या आठवड्यापर्यंत सगळ्यांना सांगत असे!

आमच्या इस्पितळात विषाणूच्या तापाने दाखल झालेल्यांचा अभ्यास चालू आहे. हृदयाची सोनोग्राफी करायची, झडपेचं सरकणं मोजायचं आणि कोण सुखरूप घरी जाईल, कोणाला अतिदक्षता विभागात न्यावं लागेल, याचा अंदाज आधीच बांधायचा. आकडा बाराच्या खाली गेला की कॉम्प्युटर पेशंटला लाल यादीत टाकतो आणि नोंदणी विभागातून नातेवाइकांना फोन जातो. हा नियम माझा. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

घरी पाठ थोपटायला कोणी नाही. एक खोली, एक खुर्ची, एक फ्रिज. फ्रिजची मोटर दर एकोणीस मिनिटांनी सुरू होते. हे ज्या माणसाला माहीत असतं, त्याच्या घरात शांतता जरा जास्तच झालेली असते.

दर रविवारी ताईचा फोन येई. तिचं घर इस्पितळापासून पाऊण तासावर.

"वरची खोली तीन वर्षं रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी. काय ठरवलंस?"

"अभ्यास संपू दे, मग सांगते."

"आधी म्हणायचीस, नवीन मशीन येऊ दे."

"तुझ्याकडे मुलं, सून, कुत्रा, दिवसभर रेडिओ. मला शांतता लागते गं."

"बरं," म्हणून ती फोन ठेवी. तिचं ते "बरं" दर रविवारी थोडं आखूड होत चाललं होतं. मोजायची सवय, म्हणून लक्षात आलं.

तर त्या मंगळवारी तुलनेसाठी एक निरोगी माणूस कमी पडत होता. म्हटलं, निरोगी हृदय आपल्याकडे आहेच की! जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लावलं, डाव्या कुशीवर आडवी झाले आणि मशीनचा दांडा स्वतःच्याच छातीवर धरला. मशीनचा स्क्रीन पाठीमागे. मान वळवली तर हात हलायचा, हात स्थिर ठेवला तर काही दिसायचं नाही. शेवटी बटण कोपराने दाबलं. फॉर्म भरला; अभ्यासात नाव नसतं, नुसता नंबर. नातेवाइकांचा रकाना रिकामा ठेवून तो पुढे सरकेना, म्हणून सुचेल ते लिहिलं. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली, मी धावले आणि ते सगळं विसरून गेले.

बुधवारी माझी सुट्टी. सकाळी अकराला फोन वाजला.

"इस्पितळाच्या नोंदणी विभागातून बोलतेय. तुमच्या पेशंटबद्दल बोलायचं होतं."

आवाज नवा होता. पण बुधवारी कोणाचा तरी फोन आला, याचाच मला आनंद झाला.

"कुठला पेशंट?"

"म्हणजे? किती आहेत तुमचे?"

"एकशेचाळीस."

"सगळ्यांना... ताप?"

"अर्थात!"

"अरे देवा! बरं, हे बघा, मी एकशेएक्केचाळीस नंबरच्या बाईंबद्दल बोलतेय. आकडा अकरा आलाय. मन घट्ट करा."

"अकरा!" मी ओरडलेच. माझ्या सुट्टीत कोणीतरी नवा पेशंट मोजला असणार. "मग बाई आहेत कुठे?"

"तेच तर! वॉर्डात सापडत नाहीत. तुमच्याकडे आल्यात का?"

"माझ्याकडे कशाला येतील?"

"असं तोडून नका हो बोलू. शेवटी माणूसच आहे ती."

मी चपला उलट्यासुलट्या घालून निघाले. अकरा मिलिमीटरवर चालणारं हृदय घेऊन एक बाई जिन्यांवरून हिंडतेय आणि कोणाला पत्ता नाही!

वॉर्डातल्या सिस्टरना मी फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, या नंबरची खाटच नाही."

"खाटच नाही, म्हणून तर बाई हरवली!"

वॉचमनला बोलावलं. "दिसायला कशा आहेत?" त्याने विचारलं. सिस्टरनी कॉम्प्युटरवर वाचलं, "वय सेहेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, वजन बावन्न."

वॉचमनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे साधारण तुमच्यासारख्या."

"माझ्यासारख्या पुष्कळ असतात! शोधा!"

एक्स-रेची खोली पाहिली, कँटीन पाहिलं. बाथरूमचं दार मी स्वतः ठोठावलं. आतून सफाईवाल्या मावशी कडाडल्या, "मी आहे! आणि मला काही ताप नाही!"

सगळी वरात नोंदणीच्या खिडकीशी आली. आतल्या नव्या बाई हळहळत होत्या. "नात्याच्या रकान्यात काय लिहिलंय माहितेय? 'स्वतः'! स्वतःची नातेवाईक स्वतःच. कोण असेल हो बिचारी?"

"खरंच, बिचारी," मी म्हणाले. मला मनापासून वाईट वाटलं.

"थांबा, पुन्हा फोन लावते."

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. सवयीने मी उचलला. "हॅलो?"

दोन फुटांवरून त्या बाई माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाल्या, "एकशेएक्केचाळीस नंबरच्या नातेवाईक का?"

मशीनवर 'निरोगी' या शब्दापुढे खूण करायची राहिली होती, हे मला त्या क्षणी आठवलं.

"हो," मी म्हणाले. फोनमध्येच.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पुन्हा तपासलं. "रेघ तिरकी धरलीत. तिरकं मोजल्यावर आकडा लहानच येणार! बावीस आहे. हृदय ठणठणीत." बाहेर वॉचमन विचारत होता, "सापडल्या का?" आणि मावशी म्हणत होत्या, "सापडल्या. त्याच शोधत होत्या स्वतःला."

मी हसले. सगळ्यांबरोबर हसले, पण जरा उशिरा थांबले.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, 'स्वतः' चालत नाही. आपलं एक माणूस सांगा."

मी ताईला फोन लावला.

"आज बुधवार! काय झालं तुला?" ती घाबरलीच. मागे रेडिओ, कुत्रा आणि कोणाचं तरी रडणं, सगळं एकदम चालू होतं.

"काही नाही. झडप बावीस मिलिमीटर सरकतेय. फॉर्मवर तुझं नाव लिहू का?"

"विचारतेस काय, वेडे! लिही की."

खिडकीतून प्रश्न आला, "पेशंटचा आणि नातेवाइकांचा पत्ता वेगळा, की एकच?"

सिस्टर, वॉचमन, मावशी, सगळे कान देऊन उभे होते. फोनमध्ये ताईनेसुद्धा मागचा रेडिओ बंद केला. कुत्रा तेवढा भुंकत होता.

"एकच," मी म्हणाले. "ताई, मी वरच्या खोलीत राहायला येतेय. फ्रिज आणणार नाही."