अंकुशतात्यांच्या जीपचा पल्ला

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी माजलगावात अंकुशतात्यांनी आपली जीप घराच्या ओट्यावर चढवली. एकच चाक, पुढचं डावं. उरलेली तीन रस्त्यावर होती. गाडी तशीच तिरकी ठेवून ते चहाला आत गेले. येणारेजाणारे थांबून अपघात कसा झाला ते विचारत होते.

अपघात नव्हता. तात्या गाडी अशीच लावतात. मी समोरच्या घरात राहतो आणि हे रोज बघतो. ओटा नसेल तिथं मुरमाचा ढीग, तोही नसेल तर शेताचा बांध. एक चाक वर गेलं तरी बाकीची जमिनीला टेकलेली हवीत. याला ते गाडी 'लवणं' म्हणतात.

त्यांचं शास्त्र थोडक्यात असं. शॉकपचा, म्हणजे चाकाचे हिसके खाणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचा, दांडा जेवढा आतबाहेर होतो, तेवढा त्याचा पल्ला. पल्ला मोठा असला की चाक खड्ड्यात उतरून तळ गाठतं आणि आतल्या माणसाला हिसका बसत नाही. पल्ला संपला की चाक हवेत लोंबतं. लांब शॉकप बसवायचे तर गाडी उचलावी लागते. तात्यांनी ती इतकी उचलली होती की चढताना त्यांना स्वतःलाच स्टीअरिंग धरून लोंबावं लागे.

लवणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा त्यांना हेवा वाटतो. एकदा धरणाच्या भिंतीखाली एक शेळी धोंड्यांवर उभी होती. चार पाय चार उंचीवर, पाठ सरळ. तात्या जीप थांबवून बराच वेळ बघत राहिले. "काय बी खर्च न करता," ते म्हणाले. मग दिवसभर कुणाशी नीट बोलले नाहीत.

खरा हेवा मात्र साडूचा. साडू बाळासाहेब अंबाजोगाईला राहतात. त्यांचीही जीप उचललेली आहे. तात्या त्यांचं नाव घेत नाहीत, 'अंबाजोगाईकर' म्हणतात. अंबाजोगाईकर दर रविवारी आपल्या जीपचा फोटो पाठवतात. तात्या तो दोन बोटांनी मोठा करून मागचं चाक तपासतात.

"खाली माती सारलीय. उघड दिसतंय."

"मग कावून बघता सारखं?" सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, विचारतात.

"चोरी कुठं केली ती बघतो."

"गॅस संपला ती दिसत न्हाई, अंबाजोगाईची माती दिसती."

"उंच हाय त्येची गाडी, पण लवत न्हाई."

"तुमी तरी कुठं लवता."

या हेव्याचं मूळ जीपच्या आधीचं आहे. दोघांच्या सासूबाई, कोंडाबाई, बालाघाटच्या डोंगरात शेतातल्या वस्तीवर एकट्या राहतात. बाळासाहेब त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा, त्यांच्याच हातचं खाऊन वाढलेला. त्याच्यासमोर त्या ऐसपैस बसतात, त्याच्या पाठीत धपाटा घालतात, खदखदून हसतात. तात्या थोरले जावई. ते आले की कोंडाबाई उठून उभ्या राहतात, डोक्यावर पदर ओढतात आणि दाराआडून बोलतात. तो मान आहे. तात्यांना तो नको असतो. त्यांची आई ते रांगत असताना गेली. हे सुमनकाकूंनी सांगितलं, तात्या त्यावर कधी बोललेले नाहीत.

यंदा कोंडाबाईंचे गुडघे धरले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. वस्तीची वाट ओढ्यातून, धोंड्यांवरून जाते. हिसका बसला की गुडघ्यात कळ उठणार. तात्यांनी तयारी सुरू केली. मागच्या सीटवर सोयाबीनचं पोतं बसवलं, त्याला पट्टा बांधला आणि मला शेजारी घेऊन जीप ओढ्यात घातली. मधेच ती एका धोंड्यावरून आदळली.

"लागलं का?" तात्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"तुमाला न्हाई इचारलं."

ठरल्या दिवशी दोन्ही जावई आपापली जीप घेऊन वस्तीवर हजर झाले. कोंडाबाई काठी टेकत तात्यांच्या जीपपाशी आल्या आणि थांबल्या. पायरी त्यांच्या कमरेला लागत होती. इतके दिवस हिसक्याचा विचार करणाऱ्या तात्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. कुणीतरी उचलून बसवायला हवं होतं आणि जावयानं सासूला हात लावायची रीत नाही. बाळासाहेब भाचाही होते. "चल आत्या," म्हणत त्यांनी कोंडाबाईंना उचललं आणि आपल्या गाडीत ठेवलं.

"मेल्या, पाडशील," कोंडाबाई हसत म्हणाल्या.

पोत्याची बातमी बहिणीबहिणींतून अंबाजोगाईला पोचली होती. "तात्या, पोतं आणलं असतं तर सोबत झाली असती," बाळासाहेब म्हणाले.

तात्या रिकामी जीप घेऊन मागून निघाले. मी त्यांच्या शेजारी होतो. ओढ्यात बाळासाहेबांच्या जीपचं मागचं चाक हवेत गेलं, गाडी आदळली आणि कोंडाबाई कळवळून ओरडल्या. साडूची गाडी लवत नाही हे सर्वांसमक्ष सिद्ध झालं होतं.  तात्यांनी डोळे मिटले होते आणि ब्रेक दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप गॅरेजला नेली. लांब शॉकप निघाले, जुने आखूड बसले, गाडी मूळ उंचीवर आली.

"लोक उंच कराया येतेत, तुमी बुटकी करायलात?" मिस्त्रीनं विचारलं.

"लई वर गेलतो," तात्या म्हणाले.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी ते ओढ्यात उतरले. धोंड्यांमधल्या फटींत दगड रचले, वर मुरूम टाकून पायांनी दाबला. "अंबाजोगाईकरांच्या कानावर जाऊ देऊ नका," मला बजावलं.

सकाळी कोंडाबाई दांडी धरून स्वतःच गाडीत चढल्या. मागच्या बाजूनं चढणं जमत नव्हतं, म्हणून पुढं बसल्या, जावयाच्या शेजारी. पदर ओढून तोंड बाहेर वळवलं. सुमनकाकू आणि मी मागं होतो. तात्यांनी ओढा पायी चालल्यासारखा पार केला.  डांबरी रस्ता लागल्यावर कोंडाबाईंची मान कलली. अंबाजोगाई आली तेव्हा त्या चक्क घोरत होत्या.

तात्यांनी दवाखान्यासमोर लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली. सुमनकाकूंनी आईला उठवायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," तात्या हळूच म्हणाले.

"नंबर पुकारतील की."

"पुकारू दे."

बाळासाहेबांचा फोन आला. तात्यांनी तो कापला.

नंबर गेला. कोंडाबाईंना त्या दिवशी दुपारनंतर तपासण्यात आलं.