कंची लाइट?

आमच्या आष्ट्यात लाइट गेली की गल्ली आधी आबा मगदुमांना हाक मारते. आबा रिटायर वायरमन, सगळा जन्म खांबावर गेलेला. पण हल्ली त्यांना हाक मारायची सोय राहिलेली नाही. "आवं आबा, लाइट गेली," म्हटलं की ते चष्मा कपाळावर सारतात आणि शांतपणे विचारतात, "कंची लाइट?"

अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला असं विचारलं तर त्याचं डोकं फिरणार नाही तर काय? पण आबा मोबाइलवर स्पॅनिश शिकतायत, आणि त्यांच्या मते इंग्रज लय आळशी. उजेडाला लाइट, हलक्या पिशवीला लाइट, फिकट रंगालाही लाइट. स्पेनचा माणूस तसला न्हाई. उजेड असला तर लूथ, हलकं असलं तर लिखेरो, फिकं असलं तर क्लारो. ज्याचं झाकण त्याच्या भांड्यावर.

मी समोरच्या घरात ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक म्हणतं, अस्तर लाइट गुलाबी घाला. लगेच समोरच्या कट्ट्यावरून आवाज येतो, "क्लारो!" एक बाई तर शिवी दिली समजून कापड उचलून निघालीच होती. भाजीवाली पिशवी लाइट हाय म्हणाली, तर तिच्याकडून लिखेरो घोकून घेतलं. आता ती आबा दिसले की न मागता कोथिंबीर देते आणि वाटेला लावते.

हे खूळ शिरलं ते नातीपायी. मुलगा सुहास नोकरीला स्पेनला गेला, तिथलीच बायको केली. त्यांची पोरगी इनेस सहा वर्षांची, मराठीचा गंध नाही. आबांच्या घरात आजी गेल्यापासून दुसरं माणूस नाही, त्यामुळं सगळा जीव त्या पोरीत. एकदा व्हिडिओ कॉलवर ती वाळलेली दिसली. आबांनी मोबाइलमध्ये आपल्या इंग्रजीत घातलं, तुझं अंग लाइट झालंय, जेवत जा. मोबाइलनं तिला स्पॅनिशमध्ये सांगितलं की तुझ्या अंगात उजेड पेटलाय. पोरगी आईच्या मागं लपली ती पुन्हा फोनवर येईना. आबांनी ते मनाला लावून घेतलं. नात आपल्याशी बोललीच नाही तर, या धास्तीनं त्यांनी म्हातारपणी पाठांतर सुरू केलं.

गेल्या नाताळात सगळे आष्ट्याला आले. आबा नवा शर्ट घालून दारात उभे. लूथ, लिखेरो, क्लारो, सगळं म्हणून झालं. पोरगीनं त्यांच्या मिशांकडं बघितलं आणि पुन्हा आईच्या मागं लपली. मला तर असा राग आला तिचा, पण परक्याच्या पोरीला बोलणार काय?

मग एका दिवेलागणीला आबांनी ट्यूब लावली आणि सवयीनं त्या उजेडाला हात जोडले. आपण सगळेच जोडतो. इनेसनं ट्यूबकडं बघितलं, आबांकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी ऐन तिन्हीसांजेला लाइट गेली. पोरगी उठली, विझलेल्या ट्यूबखाली उभी राहिली, डोळे मिटून हात जोडले. आणि लाइट आली की हो! पोरीचा चेहरा असा काही फुलला! लाइट हात जोडल्यानंच येते हे तिनं मनात पक्कं केलं.

त्यानंतर लाइट गेली की ती अख्ख्या गल्लीला ओळीनं उभी करायची. मलाही मशीन सोडून यावं लागायचं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी हात सोडायची सोय नाही. भाजीवालीही ओळीत.

आणि शब्दाशब्दाला दुरुस्ती करणारे आबा? ते न्हाणीत जाऊन सबस्टेशनवरच्या जुन्या सोबत्याला हळूच फोन करायचे, "कवा सोडतोयस रं?" मग बाहेर येऊन, वेळ आली की पोरीला डोळ्यानं खुणवायचे. ती हात जोडायची, गल्ली उजळायची. असंच एकदा ती धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आबा, लाइट!"

आबांनी कंची म्हणून विचारलं नाही. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

ते लोक गेल्यावर एका संध्याकाळी बघते तर गल्लीत सगळीकडं उजेड, आणि आबांच्या घरात काळोख. धावत गेले. आबा बटणाखाली खुर्ची घेऊन बसलेले, हातात मोबाइल.

"आवं आबा, तुमचीच लाइट गेली व्हय?"

"न्हाई गं शालन, थांबलीया. पोरीची शाळा सुटायची हाय."

तेवढ्यात फोन वाजला. तिकडं टळटळीत दुपार, फोन आईच्या हातात, पाठीवर दप्तर, आणि इनेसनं रस्त्यातच डोळे मिटून हात जोडले. आबांनी बटण दाबलं. लख्ख झालेल्या घराकडं बघून ती तिकडं उड्या मारायला लागली.

रोज काही फोन येत नाही. पोरीची जात, खेळात विसरते. अशा वेळी आबा अंधारात बसूनच राहतात, बटणाला हात लावत नाहीत. मग मी मशीन बंद करते, त्यांच्या दारात जाऊन उभी राहते आणि हात जोडते.

"लावा आता," म्हणते.