साळवे डॉक्टरांचा नंबर

बोट दारात चेपलंय, नख काळंनिळं पडलंय, तुम्ही बोंबलत साळवे डॉक्टरांकडं जा. ते बोटाकडं बघणारच नाहीत. चष्म्यावरून तुमच्या डोळ्यांत बघतील आणि विचारतील, "झोप कशीय?"

औरंगपुऱ्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि बरोबर माझ्या डोक्यावर त्यांचा दवाखाना. त्यामुळं वीस वर्षं हा प्रश्न मी जिन्यातून ऐकतोय. शहागंजातला एक कापडवाला पाय मुरगळून आला होता. तो वैतागला, "डॉक्टर साब, पांव मुड्या है, नींद का कायकू पूछते?" डॉक्टर म्हणाले, "पाय दिसतोय मला. झोप दिसत नाय, म्हणून विचारतो."

दुसरी खोड याहून भारी. महिन्यातून दोन-तीनदा डॉक्टर इस्त्रीचा शर्ट चढवून, रिक्षा करून मानसोपचाराच्या मॅडमकडं जायचे. सोबत दरवेळी कुणीतरी वीस-बावीस वर्षांचं. नंबर मात्र स्वतःच्या नावानं लावायचे. बाहेर "साळवे डॉक्टर!" अशी हाक आली की हे छाती काढून आत, सोबतचं माणूस मागोमाग. बघणारे बघायचेच. गल्लीत बातमी पसरली, बायको गेली आणि डॉक्टरांचा स्क्रू ढिला झाला. खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून ही बातमी मीच वाटलीय.

मग पाळी आमच्या पोरीवर, मुक्तावर आली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. कॉलेज बंद, जेवण बंद, झोप बंद. "शेजारचे माझ्याबद्दल बोलतात," म्हणायची. वह्यांना घालायची तपकिरी कव्हरं दुकानातून नेऊन तिनं घरच्या सगळ्या खिडक्यांना चिकटवली. मी म्हणालो, अभ्यासाचा ताण. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे. सिल्लोडकडच्या एका जाणत्या भगताकडं न्यायचं ठरलं, गाडीसुद्धा सांगून ठेवली. मॅडमचं नाव कुणी काढलं की मीच अंगावर जायचो, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून!"

तेवढ्यात तिला ताप आला म्हणून वर नेलं. डॉक्टरांनी थर्मामीटर बाजूला ठेवला. "झोप कशीय?"

"येत नाही," मुक्ता म्हणाली. "भिंतीपलीकडचे बोलत राहतात."

आम्हाला तिनं एवढं कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टर अजिबात दचकले नाहीत.

"हा आजार आहे बाळा, आणि त्याला औषध आहे. लवकर गेलं की लई फरक पडतो. मी येतो सोबत. नंबर माझ्या नावानं लावू. वेडं म्हणायचंच तर मला म्हणतील, मला सवय आहे." मग माझ्याकडं वळून, "आणि जिन्यातून वरही ऐकू येतं. तुम्ही ती सिल्लोडची गाडी रद्द करा."

मला दुकानात वाटलेली एकेक बातमी आठवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. दोनदा मुक्तानं गोळ्या सोडल्या. दोन्ही वेळा डॉक्टर जिना उतरून गिऱ्हाइकांसमोर माझ्यावरच ओरडले, "गोळी म्हणजे काय खोडरबर आहे व्हय, चुकलं तरच काढायचं?" पण एकेक करून खिडक्यांवरची कव्हरं उतरली. मुक्ता परत कॉलेजला जायला लागली.

गेल्या महिन्यात तपासणीचा दिवस होता. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मुक्ता म्हणाली, "काका, आता नंबर माझ्याच नावानं लावते. मला नाही लाज वाटत."

"व्हय, व्हय, लाव की," डॉक्टर म्हणाले, आणि शर्टाची बाही उगाचच नीट करत बसले. आता सोबत जायचं काही कारण उरलं नव्हतं.

मुक्ता दारातनं परत फिरली. अगदी त्यांच्यासारखं, डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "काका, तुमची झोप कशीय?"

डॉक्टर हसायला गेले, पण जमलं नाही. "तुझी काकू गेल्यापासून लागत नाय," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. कुणी विचारलंच नाय, पोरी."

मी वीस वर्षं त्यांच्या पायाखाली बसलोय. मीही विचारलं नव्हतं.

मुक्तानं फोन काढून मॅडमच्या दवाखान्यात लावला. "दोन नंबर लावा," ती म्हणाली. "एक माझा. दुसरा साळवे डॉक्टरांचा, ह्या वेळी खरा."